काचपेटीतलं पाणी

वसमतला अमृतरावांचं बॅटरीचं दुकान होतं. घरातल्या काचपेटीत त्यांनी हौसेनं बॅटरीत घालायचं, सगळे क्षार काढलेलं शुद्ध पाणी भरलं, आणि रंगीत मासे मरू लागले.

मेलेले मासे काढायला बायकोनं, कमलबाईनं, पाण्यात हात घातला. तडफडणारे मासे तिच्या बोटांना येऊन चिकटले आणि टवटवीत झाले.

"हात काढू नको," अमृतराव म्हणाले, "मासे जगून राहिले."

मग ते रोजचंच झालं. मासे गुबगुबीत झाले, कमलबाईचा हात पांढराफटक पडून सुकत गेला.

"अवो, सुई टोचली तरी हाताला कळंना," ती रडत म्हणाली.

पेटीतले मासे पुन्हा उलटू लागले होते. अमृतरावांनी तिचा हात बाजूला सारला आणि मायेनं लेकीला हाक मारली.

"आशा, हात स्वच्छ धुऊन ये, बाळा."