चालवा आणि चालू करा

नाव देणं ही फार मोठी जबाबदारी असते, यावर त्या कंपनीत कुणाचंच दुमत नव्हतं. म्हणूनच ती कुणी अंगावर घेत नव्हतं.

रुग्णालयातल्या सलाईनच्या यंत्रांसाठी तिथे प्रोग्राम लिहिले जायचे. मेनूत एकाखाली एक दोन पर्याय होते, 'चालवा' आणि 'चालू करा'. एक दाबला की प्रोग्राम आपल्याच कॉम्प्युटरवर चाचणीपुरता चालायचा. दुसरा दाबला की तो थेट रुग्णांच्या उशाशी असलेल्या यंत्रांत जायचा.

"सर, त्याला सरळ 'रुग्णालयात पाठवा' असं नाव देऊ या ना," प्रोग्राम लिहिणाऱ्या ताई कधीपासून साहेबांच्या मागे लागल्या होत्या.

"अहो, असं लिहिलं तर माणूस दाबायला घाबरेल."

"घाबरायलाच हवं, सर."

"बघू."

एका दुपारी ताईंचाच हात एका ओळीने चुकला. चाचणीसाठी घातलेला दहापट डोस वॉर्डात पोचला आणि खिडकीजवळच्या खाटेवरचे आजोबा गेले. चौकशीत 'मानवी चूक' निघाली. ताईंना घरी बसवलं, मेनूला कुणी हात लावला नाही.

आज त्यांच्या खुर्चीवर नवीन बाई आल्या. पहिलाच प्रोग्राम तपासायला घेतला आणि त्यांचं बोट मेनूपाशी अडलं.

"सर, यातलं रुग्णालयाचं कुठलं?"

"सोपं आहे हो. वरचं आपलं, खालचं रुग्णालयाचं," साहेब जाता जाता म्हणाले. "वरचं डोळे झाकून दाबा."

 

वरचं रुग्णालयाचं आहे.