तेवीस वाट्या

“शेपटी आधी खायची. मंग उंदीर पळत न्हाई!” प्रयागनं मोड आलेला एक मूग चिमटीत धरून हलवला.

चार वर्षांचा भिवा आ वासून बघतच राहिला. त्याची सहा वर्षांची बहीण नंदा काही फसणारी नव्हती.

“हे मूग हायेत,” ती म्हणाली.

“मूगच हायेत. पण राजूरच्या गणपतीकडून आलेत. खोटं वाटतं तर कानाला लावून विचार.”

नंदानं एक मूग कानाला लावला. मग तोंडात टाकला. मग दुसरा. प्रयागला तिथंच उडी मारावीशी वाटली.

जालन्याच्या चतुराबाई खुर्चीत बसून सगळं पाहत होत्या. पंधरा दिवसांपूर्वी शाळेतल्या पाककृती स्पर्धेत त्याच परीक्षक होत्या. लहान मुलं आवडीनं खातील अशी कडधान्याची कोशिंबीर, हा विषय. दहावीच्या तेवीस मुलींनी आपापल्या वाट्या मांडल्या. चतुराबाईंनी त्या आतल्या खोलीत मागवून घेतल्या आणि बाहेर येऊन पहिला नंबर प्रयागचा सांगितला. कायम मागच्या बाकावर बसणारी प्रयाग दुसऱ्या दिवशी सरळ पहिल्या बाकावर जाऊन बसली. तेव्हापासून सरांनी काहीही विचारलं की हिचा हात वर. उत्तर चुकलं तरी वर!

आता जिल्ह्याची स्पर्धा. बाई आधी घरी येऊन बघणार, सोबत त्यांची भाचरं असणार, त्यांनी खाल्लं की निवड पक्की, असं आईनं सांगितलं होतं.

प्रयागनं दोन दिवस घर डोक्यावर घेतलं. मूग फडक्यात बांधून मोड आणले. वाफेवर जरासेच मऊ केले, कारण कडक लागलं की लेकरं थुंकतात. गाजर किसलं, काकडीसारख्या वाळकाच्या बिया काढल्या. कांदा-मिरची बिलकुल नाही. दाण्याचा कूट, लिंबू, चिमूटभर गूळ. बीट अगदी शेवटी. आईनं तिला स्वतःची जांभळी साडी नेसवली. फोटो काढतील म्हणाली.

“लेकरू रडायला लागलं तर काय करशील गं?” चतुराबाईंनी विचारलं.

ही तोंडी परीक्षा, प्रयागनं ओळखलं. “रडू द्यायचं. वाटी समोर ठेवून आपणच खायला लागायचं. दोन मिनिटांत येतं जवळ.”

“आन् झोपेतून उठलं तर?”

“थोपटायचं. गाणं म्हणायचं. मला लई गाणी येतात, म्हणू का?”

“किती बोलून राह्यली ही!” चतुराबाई हसल्या.

भिवानं वाटी चाटूनपुसून संपवली. तो उठला, प्रयागच्या मांडीत येऊन बसला आणि बिटानं लाल झालेलं तोंड तिच्या पदराला पुसलं. “अजून उंदीर दे,” तो म्हणाला.

चतुराबाईंनी डोळ्यांना पदर लावला. “आई गेल्यापासून या लेकरानं कुणाच्या हातचं धड खाल्लं न्हाई.” त्या प्रयागच्या आईकडं वळल्या. “गिरिजाबाई, आमच्या दादाला आजच सांगते. तुमची पोरगी पसंत हाय. दहावीची परीक्षा झाली की उन्हाळ्यातच उरकून टाकू.”

प्रयागनं आईकडं पाहिलं. आई कोरडं ताट पुन्हा पुन्हा पुसत होती.

“आई, तुला माहीत होतं?”

आईनं ते ताट पालथं घातलं आणि दुसरं पुसायला घेतलं.

“बाई, आन् जिल्ह्याची स्पर्धा?” प्रयाग चतुराबाईंकडं वळली. “माझा पहिला नंबर आल्ता ना? माझी वाटी तुम्हाला सगळ्यांत आवडली म्हणून आल्ता ना?”

चतुराबाईंनी मायेनं तिच्या गालावरून हात फिरवला.

“वाट्या कुणी चाखल्या गं? मी तर पोरी बघायला आल्ते.”