मे महिन्यातली थंडी

मस्कतच्या एका प्रसूती रुग्णालयात नर्सिंग शिकणाऱ्या मुली माझ्या हाताखाली असतात. बाळ रडलं की सगळ्या त्याच्याकडे धावतात आणि माझं डोकं फिरतं.

"बाळाकडे बघायला अख्खं घर आहे," मी ओरडते. "तुम्ही आईकडे बघा. तिला थंडी वाजून आली आणि ती गप्प झाली, तर आधी पांघरूण उचलून रक्त किती जातंय ते बघायचं."

आज राउंड चालू असतानाच रायपूरहून धाकट्या भावाचा, शिशिरचा व्हिडिओ कॉल आला. त्याची बायको यामिनी तिथल्या दवाखान्यात नुकतीच बाळंत झाली होती. फोनभर बाळच बाळ. माझ्या शिकाऊ मुलीही खांद्यावरून डोकावून हसू लागल्या.

"दीदी, पाह्य ना, नाक एकदम तुझंच!"

"पाहिलं रे. यामिनी कशी आहे?"

"मजेत! बाहेर मे महिन्याची लू, अन् मॅडमले थंडी वाजून राहिली होती. आम्ही हसून हसून पागल!"

मागून आईचा आवाज आला, "दोन चादरी टाकल्या, तेव्हा कुठं गप्प झाली बाई. आता उठवू नको तिले."

"शिशिर, चादर उचल तिची! सिस्टरले बोलाव, आत्ताच्या आत्ता!"

मुलींना मराठी कळत नाही. पण माझा चेहरा बघून त्यांचं हसणं थांबलं.



"काही ऐकू येऊन नाही राहिलं दीदी, सारे इथं बाळापाशीच जमले आहेत. थांब, तुले अजून जवळून दाखवतो."