कॉलरीतला नंबर

आश्रमाच्या मॅडमनी शर्ट टेबलावर पसरला आणि कॉलर उलटी केली. आत, कापडाच्याच निळ्या रंगाच्या दोऱ्यानं, दहा आकडे शिवलेले होते. सुबक, एकसारखे, मोहरीएवढे टाके.

"हा नंबर तुमचा ना, ताई?"

लेकीनं मान हलवली. स्वतःचा टाका नाकारणं तिला जमलं नाही.

"सातही शर्टांत आहे. कपडे धुणाऱ्या बाईंनी दाखवला." मॅडमनी फाइलमधून महिन्यापूर्वीचा प्रवेश अर्ज काढला आणि अकराव्या प्रश्नावर बोट ठेवलं. ज्येष्ठ व्यक्ती कोणाला न सांगता बाहेर निघून जाते का? पुढं लेकीच्याच अक्षरात, ठळक, 'नाही'.

काल दुपारी भाजीच्या टेम्पोसाठी वृद्धाश्रमाचं फाटक उघडलं आणि बाबा त्यातून आरामात चालते झाले. चौकातल्या चावीवाल्यानं "आजोबा, घर कुठं?" असं विचारलं, तर चकार शब्द न काढता त्यांनी मान वाकवून कॉलर पुढं केली. फोन आश्रमाला नाही, लेकीला आला. शिलाईचं काम मशिनवर तसंच टाकून ती धावली. त्यांना हाताला धरून फाटकाशी आणलं, तेव्हा कुठं आश्रमाला कळलं की आपला एक माणूस कमी आहे.

"फाटक तुमच्याच माणसानं उघडं टाकलं होतं," लेक म्हणाली.

"टाकलं होतं ना. वॉचमनला चांगलं फैलावर घेतलंय मी. पण ताई, आमच्याकडं फाटक आहे, कुलूप नाही. म्हणून तर हा प्रश्न विचारतो."

"एका शब्दासाठी घरी पाठवताय?"

"तुम्ही वय दोन वर्षांनी कमी लिहिलंत. स्वभाव शांत, असं लिहिलंत. पहिल्याच दिवशी त्यांनी वॉचमनची पँट धरली, शिवण वाकडी आहे म्हणून, आणि टर्रकन उसवली. मी काही बोलले? इथं खोटं सगळेच लिहितात. पण एखादं खोटं असं असतं, की खरं कळलं असतं तर आम्ही माणूस घेतलाच नसता. त्या खोट्यावर करार मोडतो. तुमचा मोडला."

"म्हणजे खरं लिहिलं असतं, तर घेतलं नसतं."

"नाही."

"मग खरं लिहायचं कोणी, मॅडम?"

मॅडमनी चष्मा काढून पदरानं पुसला. बाई दुष्ट नव्हत्या, हीच पंचाईत होती. दुष्ट असत्या तर कडाकडा भांडून मन तरी मोकळं झालं असतं.

"मान वाकवायला शिकवायला किती दिवस लागले?" त्यांनी हळूच विचारलं.

"सहा महिने."

"बघा. जो माणूस हरवतच नाही, त्याला हे कोण शिकवत बसतं?"

लेकीच्या डोळ्यांपुढं घराचं दार आलं. बाबा आत, कुलूप बाहेरून, किल्ली तिच्या पर्समध्ये आणि ती दिवसभर कारखान्यात. गेल्या वेळी त्यांनी गॅस उघडा ठेवला होता. दार शेजाऱ्यांनी फोडलं.

"पुलापलीकडं एक आश्रम आहे," मॅडमनी चिठ्ठीवर पत्ता लिहिला. "जागा आहे म्हणतात. अर्ज जवळपास असाच असतो. मी आपणहून काही कळवणार नाही."

चिठ्ठी आणि टेबलावरचा शर्ट घेऊन लेक उठली.

फाटकाबाहेरच्या बाकावर बाबा पिशवी मांडीवर घेऊन बसले होते, गाडीची वाट बघणाऱ्यासारखे. ती शेजारी बसली. तिच्या पर्समध्ये एक वेळ कंगवा नसेल, पण कात्री असायचीच. तिनं पिशवीतून पहिला शर्ट काढला, कॉलर उलटी केली आणि टाक्याखाली कात्रीचं टोक घातलं.

"कापड ओढू नकोस," बाबा म्हणाले. चाळीस वर्षं शिलाईचं दुकान चालवलं होतं त्यांनी. "टाका काप. दोरा आपसूक येतो."

"हो, बाबा."

त्यांनी कॉलर हातात घेऊन उरलेल्या टाक्यांवरून अंगठा फिरवला. "काम सुरेख आहे. कोणाचं?"

"माझं."

"अरे वा. शिकवलं कोणी?"

"होता एक शिंपी. भारी खडूस."

"खडूसच लागतो," बाबा गंभीरपणे म्हणाले. मग कॉलर तिच्याकडं परत देत, "आणि एवढा पक्का टाका उसवतेस कशाला?"

"गिऱ्हाइकाला नको आहे."

"मेलं गिऱ्हाईक," बाबा म्हणाले.

सहा शर्ट झाले. सातवा त्यांच्या अंगावर होता. ती मागं उभी राहिली, एका बोटानं कॉलर उलटून धरली आणि मानेला टोक लागणार नाही अशा बेतानं एकेक आकडा काढला. दोऱ्याचे तुकडे फुंकून टाकले. टाक्यांची भोकं नखानं घासली. काही बुजली, काही बुजेनात.

मग ती पुढं आली. एवढं सगळं विसरले, लेकीला विसरले, हेही विसरले असतील. तेवढं एकदा बघून घ्यायला हवं होतं. तिनं परक्या माणसासारखा आवाज काढला.

"आजोबा, घर कुठं?"

बाबांनी शहाण्यासारखी मान वाकवली आणि रिकामी कॉलर तिच्यापुढं धरली.