ब्रूकडेल गावाची ओळख

"हे पोस्ट. हे वाचनालय. आणि हे?"

कुसुमने चित्रावर बोट ठेवलं. रेनाटे जरासुद्धा अडखळली नाही.

"आइस्क्रीमचं दुकान. उंच स्टुलावर बसायचं आणि पाय हलवायचे."

"पाय हलवायचे असं कुठे लिहिलंय?"

"चित्रातली मुलगी हलवतेय ना, टांटे कुसुम!"

टांटे म्हणजे मावशी. जर्मनीतल्या हायडेलबर्गच्या त्या बालगृहातली सगळीच मुलं तिला तशी हाक मारत, पण रेनाटेने मारली की कुसुमला ती खरी वाटे. तिचा नवरा आत्माराम सरकारी शिष्यवृत्तीवर इथल्या विद्यापीठात रसायनशास्त्राचं संशोधन करत होता. बालगृहाच्या बाईंना, फ्राउ लांगना, मुलांना इंग्रजी शिकवणारं कोणीतरी हवं होतं. कुसुमला इंग्रजी येत होतं आणि घरात बसून भिंती बघण्याचा कंटाळा आला होता.

दुसरं महायुद्ध संपून एक तप उलटलं होतं, पण अमेरिकन फौज अजून शहरात होती. त्यातल्याच एका काळ्या सैनिकाची रेनाटे ही मुलगी. तो तिच्या जन्माआधीच परत गेला. आईने तिला बालगृहात सोडलं आणि दुसऱ्या गावी संसार थाटला. बापाचा रंग आणि बापाचे कुरळे केस घेऊन पोरगी सात वर्षांची झाली होती. ट्राममध्ये कितीही गर्दी असो, तिच्या शेजारची जागा रिकामी राहायची. कुसुम मुद्दाम तिथे जाऊन बसायची.

आता अमेरिकेतल्या ब्रूकडेल नावाच्या गावातून टर्नर नावाचं जोडपं तिला बघायला येणार होतं. पसंत पडली तर दत्तक घेणार होतं. नाही पडली तर पुढे काय, ते फ्राउ लांगनी स्पष्टच सांगितलं होतं. "आठ वर्षांच्या पुढची मुलं कोणी नेत नाही."

म्हणून ही तयारी चालली होती. टर्नरांनी आधी एक पुस्तिका पाठवली होती, गावाची मुलांना ओळख करून देणारी. पानापानावर रंगीत चित्रं, पांढरी कुंपणं, गुलाबी गालांची हसरी मुलं. कुसुमने ते गाव पोरीकडून पाढ्यांसारखं घोटून घेतलं होतं. खरं तर ते घोकताना तीच जास्त हरखायची.

शेवटच्या पानावर पोहायचा तलाव होता, निळाशार. रेनाटे तिथे नेहमीच रेंगाळायची.

"तुमच्या गावात होता असा?"

"तलाव कुठला! विहीर होती. पाणी फार गोड होतं म्हणे."

"आणि ह्याच्यात कोणीही उतरायचं?"

"कोणीही. गावाचा तलाव आहे तो, सगळ्यांचा." कुसुमने उगाचच पानावरून हात फिरवला.

संध्याकाळी ती आत्मारामला म्हणाली, "अहो, त्या गावात कोणी कोणाला विचारत नसेल, नाही? तू कुठली, कोणाची?"

"कुठेही जा, पळसाला पानं तीनच."

कुसुमने पातेलं आदळलं. "चांगलं बोलवतच नाही तुमच्याच्याने!"

आत्माराम जरा वेळाने हळूच म्हणाला, "एवढा जीव लागलाय, तर आपणच घेऊ या तिला."

"आणि नेऊ कुठे? आपल्या गावी?"

ती भात वाढायला वळली.

टर्नर यायच्या दिवशी कुसुमने रेनाटेचे केस तेल लावून चापूनचोपून बसवले, वर लाल रिबीन बांधली. पोरगी शांत होती. कुसुमचाच जीव टांगणीला लागला होता. गोरी श्रीमंत माणसं, उघड्यावर टाकलेली काळी पोर. दया येईल त्यांना, पण दयेवर का कोणी वाढतं?

दार उघडलं. टर्नर नवरा-बायको दोघंही काळे होते.

कुसुमचा जीव भांड्यात पडला. तिच्या डोळ्यांत टचकन पाणीच आलं. या घरात पोरीच्या रंगाकडे कोणी वळून बघणार नव्हतं.

मिसेस टर्नर सरळ जमिनीवर गुडघे टेकून बसल्या. रेनाटेने पुस्तिका उघडली आणि इंग्रजीत घडाघडा सुरुवात केली. पोस्ट, शाळा, वाचनालय, आइस्क्रीमचं दुकान. मिस्टर टर्नर हातातली हॅट गोल गोल फिरवत ऐकत होते. मिसेस टर्नरनी तिला मध्येच कुशीत ओढलं. "ही आमची," त्या म्हणाल्या. फ्राउ लांग लगबगीने कागद आणायला गेल्या. इतका आनंद कुसुमला स्वतःच्या लग्नातही झाला नव्हता.

रेनाटेने मान वर करून जर्मनमध्ये काहीतरी विचारलं.

"काय म्हणते?" मिस्टर टर्नरनी विचारलं.

"गेल्या गेल्या आधी तलावावर जायचं का, विचारतेय," कुसुम हसत म्हणाली.

कोणीच हसलं नाही. मिसेस टर्नरनी नवऱ्याकडे बघितलं. मिस्टर टर्नरनी पुस्तिका अलगद काढून घेतली आणि मिटली.

"गावानेच छापलंय हे. आमच्याकडे दुसरं काही नव्हतं पाठवायला," ते खालच्या आवाजात म्हणाले. "घर चांगलं आहे आमचं. तिला काही कमी पडणार नाही. पण तो तलाव, ते आइस्क्रीमचं स्टूल... आपल्या माणसांना तिथे येऊ देत नाहीत. तिथे दारात कळण्यापेक्षा आत्ताच कळलेलं बरं. तुमचं ऐकते ती. तिच्या भाषेत तुम्ही सांगाल? लहान मुलाला हे कसं सांगायचं, तुम्हाला ठाऊक नसेल, पण..."

रेनाटे कुसुमच्या तोंडाकडे बघत होती. कुसुमने तिला जवळ घेतलं.

कसं सांगायचं ते तिला ठाऊक होतं. गावाबाहेरच्या वस्तीत, ती एवढीच असताना, आईने तिला असंच जवळ घेऊन सांगितलं होतं.