बहिऱ्या पेशी

नेहमी कोऱ्या चहासारखं कडू लागणारं माते गोड लागलं तेव्हा आल्सिदेस लारोसानं तुंब्यात डोकावून पाहिलं.

"इर्मा, यात कुणीतरी मध सांडलाय."

"सांडलाय," इर्मा म्हणाली आणि थर्मासचं झाकण गरजेपेक्षा जास्त घट्ट लावलं.

दोघं कित्येक वर्षं मोन्तेव्हिदेओतल्या त्या प्रयोगशाळेत शेजारशेजारच्या टेबलांवर काम करत होती. आत खाणंपिणं बंद, म्हणून सकाळचं माते बाहेर, जिन्याजवळच्या खिडकीत. पाल्यावर गरम पाणी ओतायचं काम इर्माचं. तुंबा एक, नळी एक, प्यायचं आळीपाळीनं. ज्याला पुरे झालं त्यानं तुंबा परत देताना 'ग्रासियास' म्हणायचं. तोवर तो भरून मिळत राहतो. आल्सिदेस पहिल्याच तुंब्याला ग्रासियास म्हणायचा आणि सूक्ष्मदर्शकाकडे पळायचा. त्या दिवशीही पळाला.

आत त्याच्या पेशी रुसल्या होत्या. मातीत एकेकट्या राहणाऱ्या या पेशींची उपासमार झाली, की त्यातली एक पाण्यात एक रसायन सोडते. शेजारणीला ते जाणवलं की ती तिकडे सरपटत निघते आणि जाताना स्वतःही तेच सोडते. बघता बघता सगळ्यांचा मोर्चा जमतो. हे मोर्चे बघण्यात आल्सिदेसचं तारुण्य गेलं होतं आणि त्याची त्याला तक्रार नव्हती. पण गेला आठवडाभर एकही पेशी जागची हलत नव्हती. त्यानं तेच रसायन बाहेरून घातलं. मग दुप्पट घातलं. मग मोजणं सोडलं. पेशी जिवंत, रसायन ताजं, भूक कडकडीत. मग ऐकत का नाहीत? त्याला काही म्हणता काही कळेना.

तशा त्या आठवड्यात न कळण्यासारख्या गोष्टी बऱ्याच होत्या. सोमवारी मातेत संत्र्याची साल तरंगत होती. तेव्हाच इर्मानं सांगितलं होतं, की साल्तोच्या संस्थेनं तिला कायमचं बोलावलंय. शुक्रवारच्या बसनं निघायचं की नाही हे ठरवायचंय.

"जाऊ का?" तिनं विचारलं होतं.

"साल्तोला? तिकडे फार उकडतं," आल्सिदेसनं पूर्ण विचार करून उत्तर दिलं होतं.

बुधवारी मध. आणि गुरुवारी माते चक्क गार.

"थर्मास गेला तुझा," तो म्हणाला. "ग्रासियास."

दुपारी तो बाजारातून थर्मासच्या झाकणाचा नवा वायसर घेऊन आला. इर्मानं तो हातात धरून बराच वेळ पाहिला. मग आत गेली आणि त्याच्या सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला.

"किती घातलंस रे यात?"

"ऐकत नाहीत म्हणून वाढवत गेलो."

"बहिऱ्या नाहीत त्या. हाकेत गळ्यापर्यंत बुडाल्यायत. चोवीस तास एकच हाक चालू असली की ती हाक राहत नाही, हवा होते. धुऊन काढ. स्वच्छ पाण्यात ठेव. आणि जरा गप्प बस."

"मग येतील जाग्यावर?"

"पेशी येतील," इर्मा म्हणाली. "माझी बस उद्या पाचची आहे."

शुक्रवारी खिडकीत थर्मास नव्हता. तुंबा नव्हता. आल्सिदेस तरीही तिथं उभा राहिला. कशाची वाट बघतोय ते त्याला आठवेना. तोंड कोरडं पडलं होतं, हातांना काही काम नव्हतं. दुपारी चारच्या सुमाराला त्यानं धुतलेल्या पेशींवर रसायनाचा एक अगदी बारीक थेंब सोडला.

सगळ्या एकदम वळल्या.

आठवडाभर ज्यासाठी जीव टाकला ते समोर घडत होतं, आणि आल्सिदेसला दिसत होती संत्र्याची साल. मातेतली साल म्हणजे 'मला न्यायला ये'. मध म्हणजे लग्न. गार माते म्हणजे 'गेलास उडत'. त्या मुलखात हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. आल्सिदेसलाही होतं, त्याच्या सख्ख्या आत्याचं लग्न मधाच्या मातेवरच जमलं होतं. फक्त हे कुणी आपल्याला उद्देशून म्हणत असेल, एवढंच त्याच्या डोक्यात आलं नव्हतं.

तो शेजारच्या खोलीत घुसला. तिथला पोचो प्रयोगाच्या उंदरांना खायला घालत होता.

"पोचो, तुझा थर्मास दे. तुंबा दे. मध आहे?"

"उंदरांचा आहे."

"चालेल."

"पेशी जमल्या का रे?"

"जमल्या."

"मग रडतोस कशाला, गाढवा?"

साल्तोची बस सुरू होऊन घरघरत होती. इर्मा दारातल्या पायरीवर उभी होती, बॅग आत ठेवलेली. आल्सिदेसनं जन्मात कधी माते केलं नव्हतं. पाला वर आलेला, नळी तिरकी, पाणी उकळतं आणि मध अर्धी बाटली. धावताना त्यातलं निम्मं त्याच्या सदऱ्यावर सांडलेलं. त्यानं तुंबा पुढे केला. बोलायला दमच नव्हता.

इर्मानं पहिला घोट घेतला. जीभ भाजली, डोळ्यांत पाणी आलं. तिनं दुसरा घेतला. नळी तळाशी गुरगुरेपर्यंत तिनं तो प्रकार शांतपणे संपवला आणि तुंबा त्याच्या हातात परत ठेवला. आता तो एक शब्द येणार म्हणून आल्सिदेसनं डोळे मिटले.

"बाई, चढताय की उतरताय?" ड्रायव्हर ओरडला.

"थांबा हो जरा," इर्मा म्हणाली. मग आल्सिदेसकडे वळली. "बघतोस काय? भर."