उजवीकडची भिंत

बाबांना जाऊन महिना झाला, आता जेवणाचं टेबल भिंतीपासून सरकवू या, असं थोरली म्हणाली तशी आई उसळली. “हात लावू नकोस! त्यांच्या उजवीकडे भिंतच हवी.” थोरलीने टेबलावरचा हात काढला. तोफखान्यातल्या नोकरीत बाबांचा उजवा कान कायमचा गेला होता. म्हणून घरात सगळ्यांनी त्यांच्या डावीकडेच बसायचं. “पोरांचा एक शब्द सांडायला नको,” म्हणायचे. तरी एखाद्याचं ऐकू आलं नाही, तर नुसते गोड हसायचे. लग्नावरून भांडून आठ वर्षं घरी न फिरकलेली थोरली हे साफ विसरली होती. हॉस्पिटलात शेवटच्या संध्याकाळी तिने स्टूल ओढलं, उजव्या कानाशी वाकून माफी मागितली. बाबा गोड हसले. “तू गेल्यावर विचारत होते,” टेबल पुसत आई म्हणाली, “‘थोरली एवढं काय सांगत होती?’ मी म्हटलं, उद्या तिलाच विचारा.”